पेन्सिलीनं लिहिलेलं नाव खोडणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा एका रहस्यकादंबरीचं परीक्षण लिहून संपवलं, पुन्हा वाचलं आणि शेवटून दुसरं वाक्य काढून टाकलं. ते काढताना तुमच्या टेबलावरचा झिजलेला खोडरबर आठवला.

औशाच्या आपल्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार होता, सुहास शिरवळकर होते, नारायण धारपांच्या भयकथांचं तर अख्खं कपाट. आणि कुणीतरी एक वाचक असा होता, की तिसऱ्या-चौथ्या पानावरच समासात लिहून ठेवायचा : खून पुतण्यानं केला. परत आलेलं प्रत्येक पुस्तक तुम्ही चाळून बघायचात. पेन्सिल असली तर खोडायचात, पेन असलं तर वर कागदाची पट्टी चिकटवायचात. एवढं कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "लेखकानं दोनशे पानं झाकून ठेवलंय पोरी. आपण कोण उघडणारे?"

पण खरे आभार मानायचेत ते त्याच्याआधीच्या एका गोष्टीसाठी.

३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूरकडची दगडमातीची घरं माळवदांसकट झोपलेल्यांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यात माझी आत्या होती. आमचं घर उभं राहिलं, तरी कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपलो, आणि पुढं दोन वर्षं मला छताखाली नीट झोप लागली नाही. अशा पोरीनं धारपांचं पुस्तक मागितल्यावर घरातले चिडले, ते बरोबरच होतं. दादा तुमच्याकडं तक्रार घेऊन आले. तुम्ही त्यांना बसवलंत, चहा सांगितलात आणि म्हणालात, "भूकंप सांगून आला नाही. ह्या पुस्तकातलं भूत आधी पाऊल वाजवतं. तिला ऐकू द्या."

ते पुस्तक मी अंगणात, कंदिलाच्या उजेडात वाचलं. घाबरले, भरपूर घाबरले. पण भीती येताना दिसत होती, मला तिच्यासाठी तयार होता येत होतं. त्या रात्री मी झोपले.

फार पुढं सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं म्हणणं वाचनात आलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो टेबलाखाली आहे हे आधी दाखवलं तर पंधरा मिनिटं त्याचा जीव टांगणीला लागतो. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. हे मला औशात बाराव्या वर्षीच कळलं होतं, दादांना पाजलेल्या त्या चहावर.

मग तुम्ही मला शंभर पानी वही दिलीत. अट एकच : पुस्तक बदलून न्यायला आले की आधी लिहायचं, भीती नेमकी कितव्या पानावर वाटली आणि त्या पानावर काय होतं. 'छान आहे', 'अंगावर काटा आला' हे चालायचं नाही. एकदा मी लिहिलं, पान ६४, दार वाजलं. तुम्ही खाली शेरा मारलात : दार ६१ वर वाजलंय, तिथं का नाही घाबरलीस? मी परत वाचलं. ६१ वर घरात दोघं होते, ६४ वर ती एकटी होती. परीक्षण म्हणजे काय, हे मला त्या तीन पानांत समजलं. आजही मी प्रत्येक कादंबरी दोनदा वाचते; एकदा रात्री, एकदा दिवसा पेन्सिल घेऊन.

धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून घेतलीय हे कॉलेजात कळल्यावर मी किती रागानं लिहून आणलं होतं! तुम्ही फाडलं नाहीत. एवढंच म्हणालात, तिकडं पिशाच्च क्रूसाला भितं, आपल्या गावात कशाला भिणार? त्या जागी लेखकानं काय ठेवलं ते आधी बघ, मग चोर म्हण. मूळ कथेचा उल्लेख व्हायलाच हवा, हे माझं मत तेव्हाही होतं, आताही आहे. पण रूपांतरात काय बदललं हे शोधायची सवय मात्र त्या दिवसापासून लागली. 'ड्रॅक्युला'च्या वेळीही तसंच. १८९७ ची ती कादंबरी सगळी रोजनिशा, पत्रं आणि कात्रणांची. तुम्ही विचारलंत, ह्यात कुणाची वही नाही? काउंटची नाही. मी ते स्वतः कधीच पाहिलं नसतं.

आता परीक्षणात मी कथा पहिल्या एक तृतीयांश भागापुढं नेत नाही. 'शेवट चक्रावून टाकतो' हेसुद्धा लिहीत नाही, कारण तेवढ्यानं वाचक सावध होतो. परवा काढलेलं वाक्य तेच होतं. जिथं लेखकानं दुवा लपवून फसवणूक केली, तिथं तसं स्पष्ट लिहिते, पण कुठं ते सांगत नाही. हे जमवायला कधीकधी आठवडा जातो.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक टाइप वाचवत नाही, असं कळलं. दिवाळीत औशाला येतेय. वही आणते, आणि दोन नव्या कादंबऱ्या. काकूंना सांगून ठेवा, जेवणं झाली की मी वाचून दाखवणार आहे. कितव्या पानावर घाबरलात, ते तुम्ही सांगायचं.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची पोरगी