सात नंबरच्या इंजिनासाठी आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हॉर्नबी डब्लो या जुन्या ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेमालिकेतलं माझं 'सर नायजेल ग्रेस्ली', म्हणजे त्याच नावाच्या खऱ्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल, पुन्हा डबे ओढू लागलं आहे. फोनवर तुम्हाला सांगून झालं, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. तुम्ही काय काय केलंत ते जुनी मॉडेल इंजिनं सांभाळणाऱ्या इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

इंजिन एकटं असलं की धावायचं, डबे जोडले की अडखळायचं आणि मोटारीला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ब्रशपाशी ठिणग्या उडायच्या. ज्यांना विचारलं त्यांनी बहुतेक एकच सांगितलं: जुनी मोटार काढून टाका, नवी बसवा. तुम्ही मात्र आधी माझ्या हातात मल्टिमीटर दिलात. कम्युटेटरचे (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या कड्याचे) तीन भाग, त्यांतल्या दोन-दोनच्या जोडीमधला रोध मोजायचा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एका जोडीचा आकडा बाकीच्या दोघींच्या दुप्पट आला आणि तुम्ही लगेच म्हणालात, "एका गुंडाळीची तार तुटलीय. बाकी मोटार ठणठणीत आहे, तिला उगाच हात लावू नकोस." मोटार गेली आणि मोटारीतली एक तार गेली, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक शोधायची तसदी तुम्ही घेतलीत, यासाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे.

तार कम्युटेटरला जोडणाऱ्या सोल्डरच्या डागापाशी तुटली असती तर पुन्हा डाग देऊन भागलं असतं. भिंगाखाली ते डाग शाबूत दिसले, म्हणजे तार आत कुठेतरी तुटली होती. आता आर्मेचर, म्हणजे तारांच्या गुंडाळ्या असलेला मोटारीचा फिरता भाग, आणायचं कुठून? डब्लोची सुरुवात १९३८ची, १९६४ मध्ये ती बनवणारी मेकॅनो कंपनी ट्राय-अँग ही खेळणी बनवणाऱ्यांकडे गेली आणि मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखानाही १९७९ मध्ये बंद झाला. कार्बन ब्रश आणि स्प्रिंग आजही कुणी ना कुणी नव्याने बनवतं. आर्मेचर मात्र बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या इंजिनातूनच काढावं लागतं.

तुम्ही तुमच्या साठ्यातलं एक दिलंत, तेही घाईने नाही. आधी केबिनवरचा आकडा विचारलात. खऱ्या इंजिनाचा क्रमांक ४४९८ होता, १९४६ मध्ये तो ७ झाला. माझ्या इंजिनावर ७ आहे, म्हणजे हे युद्धानंतरचं. मग चुंबकाचा फोटो मागितलात आणि व्हर्नियर या बारीक मोजपट्टीने आर्मेचरच्या दांड्याची लांबी मोजायला लावलीत, कारण दिसायला सारखी आर्मेचर मापात वेगळी निघतात. मोटार उघडण्याआधी पुन्हा फोन करून बजावलंत की आर्मेचर बाहेर काढताना चुंबकाच्या दोन्ही टोकांना जोडणारा लोखंडी तुकडा लावून ठेव. तसं न केल्यास जुन्या चुंबकाची ताकद उतरते. मग मोटार जास्त विद्युतप्रवाह खाते, तापते आणि ओढ मात्र कमी लागते. तेलही सुईच्या टोकावर मावेल एवढंच, तेही फक्त बेअरिंगला. कम्युटेटरवर गेलेलं तेल कार्बनच्या भुकटीत मिसळून चिखल होतो, हे तुम्ही दाखवलेल्या त्या काळ्या पडलेल्या मोटारीत मी डोळ्यांनी पाहिलं.

तुमच्या नकाराचेही आभार मानायचे आहेत. टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याच्या, चाकांवर बारीक तडे होते आणि ती रुळांच्या सांध्यांवर उडी मारायची. चिकटवून भागेल का, असं मी विचारलं, तर तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. ती चाकं ज्या जस्ताच्या मिश्रधातूची आहेत, त्यात ओततानाच शिसं मिसळलेलं असलं की धातू आतून फुगतो आणि भेगाळतो, दमट हवेत आणखी लवकर. तिथे कोणताही गोंद टिकत नाही. हा रोग शेजारच्या चांगल्या भागाला लागत नाही, हेही तुम्ही सांगितलंत. त्यामुळे जुनी चाकं फेकून देण्याची माझी घाई थांबली. नव्या ओतीव चाकांवर टेंडर आता सरळ धावतं. जुनी चाकं चिठ्ठी लावून इंजिनाच्याच खोक्यात ठेवली आहेत. निळ्या रंगाला मी कुठेही हात लावलेला नाही, ओरखडे आहेत तसेच आहेत.

आर्मेचरचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्या बदल्यात तुटक्या तारेचं आर्मेचर मागितलंत, ते पुठ्ठ्यात नीट गुंडाळून उद्या पाठवते. गाभा आणि कम्युटेटर चांगले आहेत, फक्त एका भागावर बारीकशी चर पडली आहे. नवी तार गुंडाळण्याआधी ती तेवढी पाहून घ्या.

तुमची,
सात नंबरच्या इंजिनवाली