लाखेच्या आहेत, लाखाच्या नव्हेत

म्हार्दोळ, गोवा,
सोमवार, रात्रीचे साडेदहा

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

तू गेलास त्या सकाळी नेवऱ्यांचा डबा सोप्यावरच राहिला. आई तो कुणाला उघडू देत नाही. फोनवर बोललो असतो, पण फोनवर ती शेजारी उभी असते, आणि माझ्या डाव्या कानाला हल्ली नीट ऐकू येत नाही. (ते वयाचं आहे. लगेच डॉक्टरांचे नंबर पाठवू नकोस.) शिवाय माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू 'बाबा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस.

तर रेकॉर्डी. त्यांच्याबद्दलच लिहायला बसलोय, दुसऱ्या कशाबद्दल नाही.

मी ओरडलो तो विकण्यावरून नव्हे, तुझ्या हातातली सॅनिटायझरची बाटली बघून. बुरशी पुसावी हा तुझा हेतू चांगलाच होता. पण मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटात विरघळते. आपला सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटातच भिजत घालायचा. त्याच्या बाटल्या हलवत तू दुपारभर बसायचास. नंतर आलेल्या एलपीचं, त्या मोठ्या तबकड्यांचं, तसं नाही. त्या व्हिनाइलच्या, म्हणजे आपल्या बाथरूमच्या पाइपाची भावंडं. हे मला शांतपणे सांगता आलं असतं. वासंतीच्या घरच्यांसमोर तुला गाढव म्हणायला नको होतं. चुकलं माझं.

मुंबईचा तो माणूस सगळ्याचे मिळून 45,000 द्यायला तयार आहे, हे तू चहा ओतताना सांगितलंस. इतक्या सहज, की बऱ्याच दिवसांपासून घोळवून ठेवलेलं असणार. पैसे कशाला हवेत हे मी विचारणार नाही.

तू गेल्यावर गणपतीवर टांगलेली माटोळी उतरवली आणि त्याच शिडीवरून माळ्यावरचे खोके खाली आणले. एकूण 214 भरल्या. त्यातल्या 61 लाखेच्या, बाकीच्या एलपी आणि ईपी, म्हणजे लहान तबकड्या. यंदाच्या पावसाने दक्षिणेच्या भिंतीला टेकलेला खोका पार खाल्ला आहे, कव्हरं हातात घेतली की भाकरीसारखी सुटतात. आतल्या तबकड्या मात्र शाबूत. आडव्या रचल्या होत्या म्हणून सात-आठ वाकल्यात, तेवढ्याच. एलपी कोमट पाण्याने धुतल्या, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. मधल्या कागदाला पाणी लागू नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी धरायची आणि मऊ फडक्याने चरांच्या दिशेनेच पुसायचं, आडवं नाही. आईच्या चांगल्या वाटीचा काठ त्यात चेपला. रोज वीस होतात. नंतर पाठ बोलते.

1954 साली तुझ्या आजोबांनी, भाऊंनी, त्या 61 मधल्या बऱ्याचशा मुंबईहून ट्रंकेतून आणल्या, धोतरांच्या घड्यांत गुंडाळून. सीमेवर कॅसलरॉकला आपल्या, म्हणजे भारताच्या, लोकांनी ट्रंक उघडायला लावली, कुळ्याला पोर्तुगीजांनी. तिथल्या शिपायाने एक तबकडी उन्हात धरून पाहिली आणि ती पापडासारखी मोडली. दुसऱ्याच वर्षी नाकेबंदी झाली. मग मुक्तीपर्यंत नवं काही घरात आलं नाही, त्याच त्या वाजवल्या. म्हणून काहींच्या चरांतून गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. लाखेच्या आहेत म्हणून त्या लाखाच्या नव्हेत, हे मलाही कळतं रे.

आणि कोकणी गाणाऱ्या लॉर्नाची ती ईपी आपली नाही, रुझारच्या घरची आहे. 1967 च्या जनमत कौलात भाऊंनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने, शिक्का मारला आणि रुझारच्या बापाने दोन पानांवर, गोवा वेगळा ठेवायच्या बाजूने. दोन्ही घरांचं बोलणं बंद. पुढे काही वर्षांनी त्यांच्याकडे लॉर्नाची रेकॉर्ड आली. प्लेयर मात्र आमच्याच घरात. तो म्हातारा तीन संध्याकाळी आमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला. चौथ्या दिवशी भाऊंनीच प्लेयर बाहेर सोप्यावर आणून ठेवला. बोलले तेव्हाही काही नाहीत. ती कुणाला विकू नकोस.

गायिका केसरबाई केरकरांच्या तीन सापडल्या. तुला आठवतं का, तू सहा-सात वर्षांचा असताना मी सांगितलं होतं की आपल्या शेजारच्या केरीच्या बाईंची भैरवी अमेरिकेने अंतराळात पाठवली आहे, तांब्याच्या तबकडीवर, सोन्याचा मुलामा देऊन? ते यान, व्हॉयजर-1, सुटलं 5 सप्टेंबर 1977 ला. अकरा दिवसांनी बाई गेल्या. त्या वेळी भाऊ पेपर घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला दोन्ही बातम्या सांगत होते. तू मात्र विचारलंस, 'पण बाबा, त्यांना सुई कोण देणार?' मला उत्तर आलं नाही, मी दामटलं तुला. पुढे वाचलं की यानात सुईसुद्धा ठेवली आहे आणि ती कशी लावायची याचं चित्र तबकडीच्या झाकणावर कोरलं आहे. म्हणजे जे तुला सुचलं ते त्यांनाही सुचलं होतं. हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

नववीत असताना तू प्लेयरची तुटलेली वायर डागलीस, तेव्हाही तसंच. 'डाग जाड झालाय,' एवढंच मी म्हणालो. संध्याकाळी तू खेळायला गेल्यावर शेजारच्या तिघांना बोलावून तोच डाग दाखवला.

गणपती पोचवून आल्यावर, रात्री, तू अंगणात फोनवर बोलत होतास. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. 'हप्ता' हा शब्द आला, आणि 'तीन महिने'. उजवा कान तुझ्याकडे होता. आता हप्ता म्हणजे आठवडाही होतो. तुमच्या ऑफिसात हिंदी बोलणारे बरेच, तसंच काही असेल. पण आठवड्याबद्दल बोलताना माणूस आवाज खाली का आणेल?

पस्तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे काढली. 90 दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं, मग कारण कुणी ऐकत नाही. त्याच्या आधी जाऊन भेटलं तर मुदत वाढवून मिळू शकते, हप्ता लहान करून घेता येतो. लोक तोंड लपवतात तिथेच फसतात. मी बघितलेत, चांगल्या घरचे, तुझ्यासारखे हुशार. कुणाला जामीन राहिला असशील तरी तेच. आणि एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डाने फेडत असशील तर आजच्या आज... जाऊ दे. भाषण झालं. विचारणार नाही म्हणालो होतो. हे खोडलं असतं, पण पाठपोट लिहिलंय, मागचं केसरबाईंचं खराब होईल.

रेकॉर्डींचं असं ठरवलंय. लाखेच्या 61 घरात राहतील. तसंही त्या माणसाला खरं तर सिनेमाच्या एलपीच हव्यात. अभिषेकीबुवा, किशोरीताई आणि अजून काही मिळून तीस तुझ्यासाठी काढून ठेवल्यात, आत्ता प्लेयर नसला तरी. बाकीच्या वीक. पण ठोक भावाने देऊ नकोस. सोबत यादी जोडली आहे. प्रत्येकीपुढे कव्हर कसं आणि तबकडी कशी हे वेगवेगळं लिहिलंय. वाकलेल्यांवर फुली आहे. फुली लपवून विकू नकोस.

पुरणार नसेल तर माझी एक ठेव नोव्हेंबरात पिकते. आईला ती माहीत नाही, म्हणजे तिला माहीत आहे हे मला माहीत नाही, असं आमचं चाललंय.

यादीच्या मागच्या बाजूला नुसता आकडा लिहून पाठव. कारण नको, खुलासा नको. पाकिटावर माझंच नाव घाल. पोस्टमन बाराच्या सुमारास येतो, तेव्हा ती देवळात असते.

डब्यात आता अकरा नेवऱ्या आहेत. आईने विचारलं तर तू अकराच सोडून गेला होतास.

तुझा,
बाबा