काळा, पण रंग नव्हे

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील प्राचीन ग्रीक मृत्पात्रांवरील लेख आवडला. मात्र त्यांवरील चित्रे ‘काळ्या रंगाने’ काढत, हे विधान दुरुस्त करायला हवे. तो वेगळा रंग नसून लोहयुक्त मातीचाच निथळून घेतलेला अतिसूक्ष्म लेप असे आणि भट्टीत हवा आधी खेळती ठेवून, मग कोंडून व शेवटी पुन्हा आत सोडून भाजल्यावर लेप तेवढा काळा राही, उरलेले भांडे पुन्हा तांबूस होई. व्हॅटिकनमधील एक्झेकियास या ग्रीक कुंभार-चित्रकाराच्या कुंभावर (इ.स.पू. सुमारे ५४०–५३०) अकिलीस आणि एजॅक्स हे ट्रॉयच्या युद्धकथेतील वीर खेळाच्या पटावर वाकलेले आहेत, त्यांच्या तोंडांजवळ ‘चार’ आणि ‘तीन’ ही दाने लिहिलेली आहेत आणि अंगावरच्या झग्यांची नक्षी टोकदार हत्याराने केसाएवढ्या रेषांत कोरलेली आहे. पुरवणीत छायाचित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे छापल्याने ती दिसलीच नाही!

– एक वाचक, सातारा