मूळ मजकुरात ताक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात परदेशी अर्थमंत्र्यांच्या मुलाखतीचा अनुवाद आला आहे. त्यातला तिसरा प्रश्न मी दोनदा वाचला. ‘मंत्रिमहोदय, आता झुडपाभोवती काठी मारणे थांबवून थेट उत्तर द्याल का?’ वाचल्या वाचल्याच लिहायला बसणार होते, पण रागाच्या भरात भलतेसलते लिहून जाईन म्हणून एक दिवस थांबले. राग अजून गेलेला नाही.

मला इंग्रजी येते म्हणून ते झुडूप ‘बीट अराउंड द बुश’ या इंग्रजी वाक्प्रचारातून आले हे कळले. ज्याला येत नाही त्याने काय समजायचे? आमच्याकडे कुणी झुडपाभोवती काठी आपटताना दिसला की लोकांना एकच कळते, साप निघाला. आणखी चार जण काठ्या घेऊन धावतात. उत्तर द्यायचे टाळणारा मंत्री त्यात कुणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही.

इंग्रजांच्या भाषेत ते झुडूप उगाच आलेले नाही. पाखरांच्या शिकारीत काही माणसे झुडपे बडवून पाखरे उठवत आणि धरणारे दुसरेच असत. नुसते भोवताली बडवत राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, म्हणून मुद्द्याला हात न घालणे हा अर्थ त्यांनी काढला. शिकारीतली ही रीत आपल्याकडेही होती. हाकारे हाका घालून रान उठवत. पण त्यावरून मराठीने काय घेतले? एखाद्या प्रश्नावर रान उठवणे! म्हणजे तो गाजवणे, गावभर करणे. अर्थ अगदी उलटा. तेव्हा तुमचे वाक्य वाचून कुणाला मंत्रिमहोदय रान उठवताहेत असे वाटले, तर चूक त्या वाचकाची नाही.

हे मला इतके का झोंबले तेही सांगते. बावीस वर्षे मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे. गेल्या वर्षी एका खासगी कंपनीच्या विक्री प्रतिनिधींसाठी प्रशिक्षण पुस्तिका केली. ग्राहकाशी बोलताना हेच झुडूप बडवू नका, असे मूळ वाक्य होते. मी लिहिले, ‘ग्राहकाशी आडवळणाने बोलू नका. ताकाला जाऊन भांडे लपवू नका.’ मजकूर तपासणाऱ्याने ती ओळ लाल करून परत पाठवली. शेजारी शेरा होता, ‘मूळ मजकुरात ताक नाही.’ मी फोन केला, समजावून सांगितले, मेलही लिहिला. तिकडून ‘हो मॅडम’ आले. छापून आले ते असे: ‘ग्राहकासमोर झुडपाभोवती मारू नका.’ आणि शेवटच्या पानावर अनुवादक म्हणून माझे नाव.

कोल्हापूरच्या वर्गात ती पुस्तिका वाटली तेव्हा मी तिथे होते. गडहिंग्लजकडची एक मुलगी हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, कुणाला मारायचं नाही?” वर्ग हसला. तिने मात्र मनापासून विचारले होते. मी तिला अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असंच ना?” खोडलेली ओळ तिच्या तोंडातून जशीच्या तशी आली. पुस्तिकेवर माझेच नाव असल्यामुळे, ती ओळ मी लिहिली होती हे मला त्या वर्गात सांगता आले नाही.

ती म्हण मी पुस्तकात शिकलेले नाही. सातारा जिल्ह्यात आजोळी दिवसाआड ताक व्हायचे. डेऱ्यातल्या रवीचा आवाज गल्लीत गेला की थोड्या वेळाने शेजारच्या काकू येत. उंबऱ्याशी टेकत. पावसाचे बोलत, मुलीच्या बाळंतपणाचे बोलत, गाभण म्हशीची चौकशी करत. डावा हात सगळा वेळ पदराखाली. पदराच्या काठातून पितळी चरवीची कड चकाकायची आणि मी त्या कडेकडेच बघत बसायची. ताकाचे पैसे कुणी घेत नसे, म्हणूनच रोज उठून मागायचा संकोच. आजी लोण्याचा गोळा पाण्यात सोडायची, हात पुसायची आणि म्हणायची, “आण गं ती चरवी इकडं.” काकूंनी कधी तोंडाने ताक मागितल्याचे मला आठवत नाही.

आता तुमच्या मुलाखतीतल्या मंत्र्यांना ही म्हण लावा, असे मी म्हणणार नाही. भांडे लपवणाऱ्याला काहीतरी हवे असते आणि मागायची लाज वाटते. मंत्र्यांना काही नको होते, त्यांना निसटायचे होते. त्यासाठी मराठीत उडवाउडवीची उत्तरे आहेत, वेळ मारून नेणे आहे. खरे-खोटे दोन्ही एकाच वाक्यात बसवायचे असेल तर धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. निर्णयच घ्यायचा नसेल तर भिजत घोंगडे आहे. टाळण्याच्या इतक्या तऱ्हा आपल्या माणसांनी बघितल्या आणि प्रत्येकीला वेगळे नाव दिले. १९४०च्या दशकात दाते-कर्वे यांनी वाक्संप्रदायांचा दोन विभागांचा कोश काढून ठेवला. तो आपल्या कार्यालयात असेलच. अनुवाद करणाऱ्याच्या टेबलावर आहे का, एवढे बघावे.

परभाषेतले काही घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. लाल फीत आपण घेतली आणि ती रुजली, कारण फितीने बांधलेल्या फायली कचेरीत लोक बघत होते. पांढरा हत्ती पोसणे हे हत्ती कधीही न पाळलेल्यालाही उमगते. इथे झुडपावरून काहीच उमगत नाही.

मी तरुणपणी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले. जर्मन माणूस मुद्दा टाळतो तेव्हा गरम लापशीभोवती मांजर फिरावे तसा बोलतो. फ्रेंच माणूस भांड्याभोवती फिरतो, स्पॅनिश माणूस फांद्याफांद्यांवरून जातो, इटालियन कुत्र्याला खळ्यावर फिरवत बसतो. ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात नाही तर खळ्यावर जे बघितले तेच घेतले. इंग्रजांचे झुडूप यांच्यापैकी कुणी उचलून आणले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या दैनिकाने पहिले पान दिले होते. ते पान मी कापून ठेवले आहे. त्याच दैनिकात हे वाक्य छापलेले बघून वाईट वाटले, आणि ते आपल्यालाच कळवायला हवे होते.

दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे. अनुवाद करणारी व्यक्ती नवी असेल तर तिला रागावू नये. तिच्याही मागे कुणीतरी मूळ मजकूर घेऊन उभे असेल. तिने अडल्यावेळी मला खुशाल फोन करावा, माझा क्रमांक आपल्या कार्यालयात आहे.

आणखी एक. वाचकांच्या पत्रांची जागा आपण अर्ध्या पानावरून दोन रकान्यांवर आणली आहे. मार्च महिन्यात एसटीच्या पाट्यांवरील शुद्धलेखनाबद्दलचे माझे पत्र निम्मे छापले, आणि नेमक्या ज्या पाट्यांसाठी लिहिले होते त्याच गाळल्या. हेही पत्र लांबले आहे, याची मला कल्पना आहे. कापायचे झाले तर जर्मन-फ्रेंचचा परिच्छेद काढावा. काकूंचा राहू द्यावा.

आपली,
एक अनुवादक, सातारा