सोबत काहिलीचं बिल जोडलं आहे

मा. मंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रावर आपलं नाव मुद्दाम घातलेलं नाही. २००५ च्या पुरापासून या विषयावर माझे सहा अर्ज झाले आणि दर वेळी उत्तराची वाट बघेपर्यंत खातं दुसऱ्याकडे गेलेलं असायचं. म्हणून हे पत्र खुर्चीला लिहितोय. जो बसला असेल त्याने वाचावं, ही नम्र विनंती.

मी कृष्णाकाठच्या एका गावात पिठाची गिरणी चालवतो. १३ ऑक्टोबरला, आपत्ती धोका कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, तालुक्याला कार्यक्रम झाला. ऑगस्टमध्ये मळ्यातल्या वस्तीवरून सात माणसं बाहेर काढली म्हणून माझ्या धाकट्या मुलाला प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल मिळालं. मागे फलक होता : 'आपत्ती निवारण, सर्वांची सामायिक जबाबदारी'. आपण आला नव्हता, पण फलकावर हसत होता. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, पोराचा बाप आहे शेवटी. नंतर चहाच्या टेबलाजवळ एका साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तुमच्या अर्जातला खर्च बसत नाही. तशी तरतूद नाही."

तो खर्च कशाचा, ते ऐका.

२०२१ च्या पुरानंतर आमच्या गावाला फायबरची बोट मिळाली. इंजिनसकट. नारळ फुटला, फोटो निघाले, चार पोरांना नदीत फिरवून आणलं. त्यानंतर ती बोट शाळेच्या आवारात पालथी पडली ती पडलीच. दोन उन्हाळे तिच्या सावलीत कुत्री व्याली. इंजिन काढून एका खोलीत ठेवलेलं, खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार. आठ जॅकेटं होती, त्यातली पाच उंदरांनी कुरतडली. मी दोनदा लेखी दिलं की पावसाळ्याआधी इंजिन चालवून बघा. पहिल्यांदा पोच मिळाली, दुसऱ्यांदा पोचही नाही.

ऑगस्टमधल्या त्या रात्री मळ्यात पाणी शिरलं आणि दोन वाजता वस्तीकडची पाणंद वाट तुटली. वस्तीवर माझी आई. वय ८२, दमा. किल्ली आली पहाटे साडेचारला, इंजिन काही सुरू झालं नाही. तोवर पोरांनी शेजारच्या गुऱ्हाळावरची काहील, ती मोठी पसरट कढई, ओढून पाण्यात ढकलली होती. आमच्या भागात पुरात काहिलीतून माणसं काढणं नवीन नाही, आजोबांच्या काळापासून चालत आलंय. पण काहील गूळ आटवायला असते. तिला ना टोक ना सुकाणू, पाण्यात नुसती गरगर फिरते. चारी बाजूंना पोहणारी पोरं धरून चालली तरच ती नीट जाते. अशा सहा फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत आई होती, मांडीवर औषधाची पिशवी आणि शेळीचं करडू. पाचव्या फेरीत काहील विजेच्या खांबावर आपटली आणि तिच्या काठाला मोठा पोचा पडला.

आई वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती, छातीत पाणी झालं होतं. आता बाहेर नुसतं आभाळ आलं तरी ती अंथरुणाचं गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसते. तिला समजवायला मी काय सांगू? की आई, जबाबदारी सामायिक आहे, तू झोप?

दवाखान्याचे पैसे मी मागितलेले नाहीत. मागितलं काय, तर काहील दुरुस्तीचा खर्च, कारण काहील माझी नाही आणि ज्याची आहे त्याचं गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटतं. ग्रामपंचायत म्हणाली तहसीलला जा. तहसील म्हणालं, बोट गावाच्या ताब्यात आहे, देखभाल गावाने करायची, आणि काहील हा विषय शासनाच्या यादीत नाही. वरच्या कार्यालयात गेलो तर तिथं म्हणाले, गावपातळीवर निर्णय घ्या. असा गोल फिरून आलो. त्या काहिलीसारखाच.

महोदय, खेड्यात 'सामाईक' या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. भावकीत वाटण्या झाल्या की विहीर सामाईक राहते. पाणी सगळे उपसतात, गाळ कुणी काढत नाही. ज्या विहिरीच्या पाळ्या कागदावर लिहिल्यात, सोमवार थोरल्याचा, मंगळवार मधल्याचा, मोटर जळाली तर निम्मे-निम्मे, तीच विहीर जगते. बाकीच्यांत पिंपळ उगवतो. तुमच्या फलकावरची जबाबदारी ही बिनपाळीची विहीर आहे.

आणि पाळ्या ठरलेल्या नाहीत, असंही नाही! म्हणून तर डोकं फिरतं. माझ्या मुलाने मोबाइलवर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ काढून दाखवला. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्ह्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत सहअध्यक्ष लोकांनी निवडलेला. कलम ४१ सांगतं की स्थानिक संस्थेने आपत्तीची साधनं वापरायला सज्ज राहतील अशी सांभाळायची आणि आपली माणसं प्रशिक्षित ठेवायची. कलम ५६ तर भलतंच आहे. अधिकाऱ्याने कर्तव्य टाळलं तर एक वर्षापर्यंत कैद. कोरोनात आदेश मोडणाऱ्याला लावायचं कलम ५१ तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलंत, भाजी आणायला गेलेल्या माणसालाही त्याची भीती होती. त्याच्यापुढची चार कलमं ओलांडून ५६ पर्यंत कुणाचा हात का पोचत नाही? पुस्तकाची पानं चिकटली आहेत का?

वरच्या पातळीवर तर आपला देश फारच जबाबदार आहे. २०१५ च्या मार्चमध्ये जपानातल्या सेंदाई शहरात १८७ देशांनी आराखडा मान्य केला, त्यात आपणही होतो. त्यात लिहिलंय की धोका कमी करण्याची मुख्य जबाबदारी शासनाची, पण ती स्थानिक संस्था, खासगी क्षेत्र, नागरिक सगळ्यांनी वाटून घ्यायची. वाक्याचा पहिला अर्धा भाग विमानात राहिला की काय? फलकावर फक्त दुसरा अर्धा उतरलाय.

आम्ही आमचा अर्धा केला, साहेब. २००५ ला केला, २०१९ ला केला, २०२१ ला केला. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५. माझ्या गिरणीच्या पत्र्यावर तेव्हाची गाळाची रेघ अजून आहे. मोटर जळाली, जातं गेलं, सव्वा लाखाचं नुकसान वहीत लिहिलेलं आहे. मदत ठरली ग्रामीण घराला १० हजार, शहरातल्या घराला १५ हजार. शहरातलं पाणी जास्त ओलं असतं बहुधा. त्याच आठवड्यात सरकारी आदेश निघाला होता की क्षेत्र दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर मोफत धान्य. माणूस छपरावर बसून तास मोजत होता! आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, डझनाहून जास्त जीव गेले, बहुतेक बायका-पोरं. नावेत किती माणसं बसवायची आणि जॅकेट कुणी द्यायचं, हे त्या दिवशी कुणाचं काम होतं? अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर समिती बसली. वडनेरे समिती, २०२० मध्ये अहवाल दिला. आमच्याकडे लोक कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला शिव्या घालतात, समिती म्हणाली दोष अलमट्टीचा नाही, पाऊस, नदीपात्रातली अतिक्रमणं वगैरे बघा. बरं, तसं असू दे. मग पूररेषेच्या आत भराव घालायला परवानगी कुणी दिली? निळी रेषा, लाल रेषा नकाशात आहेत आणि नकाशा कपाटात. आम्ही रेषेच्या आत गोठा बांधला की नोटीस येते, बिल्डरने भराव टाकला की उद्घाटनाला पाहुणे येतात. तिकडे कर्नाटक अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ च्या वर न्यायची म्हणतंय. दोन राज्यं भांडतील, न्यायालयात तारखा पडतील, आणि मधल्या काळात कोयना भरली की फोन येईल : "काठावरच्या नागरिकांनी सतर्क राहावं." सतर्कच आहोत हो. वीस वर्षं सतर्क आहोत.

पैसा नाही, असंही म्हणता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीसाठी पाच वर्षांना १ लाख ६० हजार कोटी सुचवले आणि त्यातले २० टक्के आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी राखायला सांगितले. म्हणजे ३२ हजार कोटी. माझ्या गावापर्यंत त्यातला एक फलक पोचला.

हे जमत नाही असं नसतं. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, लाखो माणसं आधीच हलवली, मृत्यू पन्नासच्या आत. तिथल्या निवाऱ्यांची देखभाल गावच्या समित्या करतात, कुणी काय करायचं ते ठरलेलं असतं. समुद्र त्यांचा लहान झाला नाही. आणि आमच्याकडे? माळीण २०१४, दरडीखाली १५१ माणसं. तळिये २०२१. इर्शाळवाडी २०२३. दर वेळी हेलिकॉप्टर, दर वेळी "पुनर्वसन करू", दर वेळी पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीची आठवण निघते, तिसऱ्या दिवशी ती आठवणही दरडीखाली जाते. माझी नदी आणि त्यांचा डोंगर, आमचं सरकार मात्र एकच.

साखर कारखान्यावालेसुद्धा यात आहेत, त्यांना सोडून बोलणार नाही. नदीतून पाणी उचलायचं सगळ्यांना, पुरात ट्रॅक्टर द्यायची वेळ आली की विचारतात, डिझेल कोण देणार? आणि आम्ही गावकरी? आम्ही मतदान करताना पूररेषा बघत नाही, गटार कुणाच्या भावकीच्या दारातून जातं ते बघतो. माझा चुलतभाऊ ओढ्यात घर बांधून बसलाय. मी त्याला काही बोललो नाही, बोलायला हवं होतं.

तर माझ्या मागण्या. पत्र वाढलं, पण मागण्या थोड्या आहेत. बोटीच्या किल्लीच्या दोन प्रती करा, एक नदीकाठच्या माणसाच्या घरात राहू द्या. दर वर्षी मे महिन्यात इंजिन पाण्यात उतरवून चालवा आणि ज्याने चालवलं त्याचं नाव, तारीख, सही शाळेच्या भिंतीवर लिहा, पांढऱ्या रंगाने, पुसली जाणार नाही अशी. पेट्रोल कुणाच्या खात्यातून ते त्याखाली लिहा. एवढं झालं तरी आई रात्री अंथरुणाचं गाठोडं सोडेल.

आपला,
एक गिरणीवाला, कृष्णाकाठ

ता. क. काहिलीचा पोचा काढून कड बसवायला लोहाराने २,६०० रुपये घेतले. पावती सोबत जोडली आहे. ज्याच्या वाटणीला येत असेल त्याने भरावी. गुऱ्हाळवाला बिचारा मागत नाही, पण काल गिरणीत दळण घेऊन आला तेव्हा पैसे देताना त्याचा हात थोडा थांबला, ते मी बघितलं.