जांघेतली गाठ आणि सुई

सर्जरी वॉर्डात परिचारिका म्हणून काम करते. हाताच्या शिरा सततच्या टोचण्याने दोरीसारख्या कडक झाल्या की नशेचे इंजेक्शन जांघेत घेतले जाते. तिथे मोठ्या शिरेला लागूनच धमनी असते. सुई तिच्यात गेली, जंतुसंसर्ग झाला, की बोटाखाली नाडीसारखी उडणारी गाठ येते. गळू समजून ती चिरली तर रक्ताची धार लागते! आधी रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी हवीच. बऱ्याचदा धमनी बांधून सडलेला भाग काढावा लागतो. कधी पायही जातो. पण ऑपरेशननंतर नुसता डिस्चार्ज का? नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांत हेरॉइनसारख्या नशेच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन या तलफ आवरणाऱ्या औषधाची गोळी मोफत मिळते. टाके निघण्याआधीच, वॉर्डातूनच रुग्णाची तिथे नोंद व्हायला हवी.

– एक परिचारिका, मुंबई