बाबासाहेब ज्या पाण्याने दासगावला आले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे येतात. त्या लढ्याचा एक रस्ता पाण्यावरूनही गेला होता, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत नीटसे उमगले नव्हते. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र सावित्रीच्या खाडीतून कयाक वल्हवत बाणकोटकडून दासगावला गेलो. त्या दोन दिवसांनी सुचलेली एक विनंती करण्यासाठी हे पत्र.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरायची होती. मुंबईहून धरमतरमार्गे यावे, तर पुढे मोटारवाले नेतील याचा भरवसा नव्हता. म्हणून २४ तारखेला बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने निघाले. रात्री मुक्काम हरिहरेश्वरला झाला. दुसऱ्या दिवशी खाडीतून दुपारी दासगावच्या बंदरात उतरले, तेव्हा तिथे तीनेक हजार माणसे त्यांची वाट पाहत होती. तिथून पाच मैल चालत सगळे महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

आम्ही सुरुवात केली वेसवीच्या धक्क्यावरून, जिथून बागमांडल्याची फेरीबोट सुटते. खाडीचे तोंड मुद्दाम टाळले. तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि छोट्या होडीला ती जागा धोक्याची. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून ज्या सावित्रीचे खोरे दिसते, तिच्याच मुखाशी आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्हे मूल बुडाले, असे सांगतात. वर टेकडीवर बाणकोटचा किल्ला. कान्होजी आंग्र्यांनी त्याला हिंमतगड नाव दिले; १७५५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. घाटावर जाणाऱ्या मालाची ही वाट ज्याच्या ताब्यात, त्याला बाणकोट हवेच होते. किल्ल्यावर गाडीने मी दोनदा गेलो आहे, पण ही गोष्ट खालून, पाण्यातून वर पाहताना कळली.

या खाडीत भरती-ओहोटीपुढे कुणाचे चालत नाही. सुकती संपून पाणी चढू लागले की निघायचे, मग भरतीच होडी आत नेते आणि वल्हे फक्त दिशा धरायला लागते. पाणी फिरले की तासभर झटूनही काठावरचे तेच झाड समोर. पूर्वीची गलबते याच हिशेबाने चालत, असे म्हाप्रळच्या एका वयस्कर खलाशाने सांगितले. आम्ही पहिली भरती संपताच तिथेच थांबलो. समोरच्या तीरावर माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांचे गाव आंबेत, आणि म्हाप्रळ ज्या मंडणगड तालुक्यात आहे त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. हे मनात आल्यावर रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे डोंगर जवळ आले. कांदळवनात बगळे आणि खंड्या, मध्येच वाळूच्या होड्या. दासगावला पोहोचलो आणि उतरायला जागा सापडेना. गुडघाभर चिखलातून कयाक ओढत काठावर आलो. शेजारून महामार्गाच्या गाड्या धावत होत्या. दासगाव म्हटले की अनेकांना जुलै २००५ ची दरड आठवते. ते दुःख मोठेच आहे. पण तीन हजार माणसे जिथे उभी होती तिथे आम्ही चौघेच होतो, आणि इथे काय घडले हे सांगणारी एक पाटीही आम्हाला पाण्याकडून दिसली नाही. मग महाडपर्यंत चालत गेलो. गावाच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात. तिथवर आमच्यात कुणी फारसे बोलले नाही.

२०२७ च्या २५ डिसेंबरला या प्रवासाला शंभर वर्षे होतील. त्याआधी दासगावला पाण्यात उतरणाऱ्या साध्या दगडी पायऱ्या व्हाव्यात आणि त्या दिवसाची हकिगत सांगणारा फलक खाडीकडे तोंड करून लागावा. हरिहरेश्वर ते दासगाव हा प्रवास काठावरच्या कोळी-खलाशी बांधवांच्या होड्यांतून लोकांना घडवता येईल. त्यांना खाडी पाठ आहे, आणि चार पैसेही त्यांच्याच घरी जावेत. वेगाच्या मोटारबोटी मात्र इथे नकोत. कांदळवन आणि मासेमारीची जाळी दोन्ही जपायला हवीत. महाडच्या बाजूला पात्रात मगरी आहेत, म्हणून हौशी मंडळींनी दासगावच्या वर माहीतगाराशिवाय जाऊ नये, आणि लाइफ जॅकेट तर कुठेच काढू नये.

भरतीच्या वेळा आणि काठावर थांबण्याच्या जागा आम्ही वहीत टिपून ठेवल्या आहेत. शताब्दीसाठी कुणी हा प्रवास आखत असेल, तर आपल्या मार्फत ती वही त्यांच्याकडे पाठवायला मी तयार आहे.

आपला नियमित वाचक,
माणगाव, जि. रायगड